धाकटी आणि हरकामी लेन्स

३ मार्च

पंच्याऐंशीची लेन्स पडली!

धाकटीच्या हातून. भर हॉलमध्ये, फरशीवर. आवाज असा झाला की नवरीनं वळून पाहिलं — आणि त्या वळलेल्या चेहऱ्याचा फोटो मला मिळाला नाही, कारण त्या क्षणी कॅमेऱ्यावर लेन्सच नव्हती. कॅमेऱ्याचं तोंड उघडं, आतला सेन्सर धूळ खात उघडा, आणि माझा डावा हात मागे पसरलेला, भीक मागितल्यासारखा.

असं कधी झालं नव्हतं. मी हात मागे करते, धाकटी त्यावर लेन्स ठेवते. मी बघत नाही, ती विचारत नाही. दोन्ही झाकणं काढलेली, लेन्स बसवायच्या खुणेचा पांढरा ठिपका बरोबर माझ्या अंगठ्याखाली येईल अशी धरलेली. काढलेली लेन्स तिच्याकडे, हवी ती माझ्याकडे. एवढ्यात नवरीच्या बापाचा हुंदकासुद्धा पुरा होत नाही. लोकांना वाटतं फोटो मी काढते!

"हाताला घाम होता गं ताई," म्हणाली. हसली. मीही हसले.

काच शाबूत आहे. कडेला पोचा आलाय, आणि फोकसची रिंग फिरवताना करकरते.

८ मार्च

जेवायला तिच्याकडे. धाकटीला बरणीचं झाकण उघडेना. नवऱ्याकडे सरकवली. मास्तरांनी — शाळेत गणित शिकवतात, घरातही खडू हातात असल्यासारखे बोलतात — काही न बोलता उघडून दिली. न बोलता! एरवी झाकण कोणत्या दिशेनं फिरतं यावर व्याख्यान झालं असतं.

म्हणजे हे पहिल्यांदाच होत नव्हतं.

१७ मार्च

डॉक्टर तरुण होती. फार हळू बोलत होती. हळू बोलणाऱ्या डॉक्टरांची मला भीती वाटते.

धाकटीचा हात टेबलावर पालथा ठेवला आणि अंगठ्याच्या नि पहिल्या बोटाच्या मधली जागा दाबून दाखवली. तिथं मांस हवं. तिथं खड्डा आहे. बोटांना हुकूम नेणाऱ्या नसाच वाळत चालल्यात, म्हणाली. बरा होणारा आजार नाही.

धाकटीनं विचारलं, "लेन्स धरता येईल का मला?"

"काय?"

"लेन्स. कॅमेऱ्याची."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "हातांचं काम कमी होत जाईल," म्हणाली. किती, कधी, ते सांगता येत नाही. मग पुढचं बरंच काही सांगितलं. मास्तर ऐकत होते. मी ऐकलं नाही. मी खिडकीतून येणारा उजेड धाकटीच्या गालावर कुठवर पोचलाय ते बघत बसले. हनुवटीपर्यंत आला होता.

बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, "चला, चहा घेऊ." पेला दोन्ही हातांनी धरला तिनं. थंडीत धरतात तसा. थंडी नव्हती.

१९ मार्च

आज दोघी हवेबद्दल बोललो. किती उकडतंय, वारा कसा पडलाय. आम्ही! उजेडाखेरीज आभाळातलं काही आम्हाला ठाऊक नव्हतं आजवर.

२६ मार्च

करकरणारी पंच्याऐंशी घेऊन दुकानात गेले. दुकानदाराला आम्ही पोपट म्हणतो — मान एका बाजूला कलती आणि बोलणं सगळं पाठ. त्यानं लेन्स कानाशी धरून फिरवली, चुकचुकला, आणि लगेच कपाटातून एक जाडसर डबा काढला.

"ही बघा मॅडम! चोवीसपासून दोनशे चाळीसपर्यंत. एकाच लेन्समध्ये अख्खा संसार. एकदा कॅमेऱ्यावर चढवली की उतरवायची नाही. बदलाबदली नको, सेन्सरवर धूळ नको, बॅग नको — बरोबर माणूससुद्धा नको!"

त्याला काही ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर बोलला नसता. पण ते शेवटचे तीन शब्द असे बसले की डबा त्याच्या अंगावर भिरकावावासा वाटला.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," मी म्हणाले.

"घेऊन तर जा. वापरून बघा. मग शिव्या द्या."

घेऊन आले.

२८ मार्च

सकाळभर गच्चीवर तिच्याशी झोंबत होते. लिहून काढते, म्हणजे डोक्यात गोंधळ राहायचा नाही.

उन्हात छान चालते. नाकारून चालणार नाही. चोवीसला सगळी गल्ली मावते — कडांना जरा ताणल्यासारखी दिसते, पण मावते. तिथल्या तिथं उभं राहून रिंग फिरवली की लेन्सचं नळकांडं सोंडेसारखं पुढे येतं आणि समोरच्या इमारतीत चादर वाळत घालणारी बाई जवळ येते. तोंडात धरलेला चिमटासुद्धा दिसला! हे माझ्या चार लेन्सना जमवायचं तर दोनदा अदलाबदल, आणि तोवर चादर वाळलेली.

स्टुडिओत आल्यावर मात्र बिचारीचा जीव घाबरा झाला. जितकं लांबचं बघावं तितका तिचा डोळा बारीक होतो, उजेड पुरत नाही. मग कॅमेऱ्याला ताण द्यायचा, आणि काळ्या पडद्यावर रवा सांडल्यासारखे दाणे. पंच्याऐंशी माणसामागचं सगळं विरघळवून टाकते — खुर्च्या, पंखे, फुगे, आगाऊ नातेवाईक. ही नुसतं धुरकट करते. दुधाची तहान ताकावर.

तरी नव्वद टक्के गिऱ्हाइकांना फरक कळायचा नाही. मला कळेल. धाकटीला कळेल.

चार लेन्सचं वजन एका हाताला, हिचं एका हाताला घेऊन पाहिलं. हिच्यानं पाठ सुखी होईल, यात शंका नाही. लेन्स चांगली की वाईट एवढाच प्रश्न असता तर आत्ताच निकाल लावला असता. पण ही घेतली की मला मागे हात करायचं कारण उरत नाही. आणि मागे उभं राहायचं तिला.

धाकटीला सांगितलं नाही. लेन्स टॉवेलांच्या कप्प्यात ठेवलीय. या वयात चोरून ठेवतेय, तेही लेन्स!

३१ मार्च

सापडली.

धाकटी हात धुऊन आली, टॉवेल घ्यायला कप्पा उघडला. मी स्वयंपाकघरात होते. बराच वेळ काही आवाज नाही, तेव्हाच समजले.

"हे काय आहे?"

"लेन्स."

"ते दिसतंय मला. टॉवेलांत काय करतेय?"

"थंडी वाजत असेल तिला."

हसली नाही. माझ्या असल्या पाणचट विनोदांना ती लहानपणापासून हसत आलीय. आज नाही हसली. दोन्ही तळव्यांत लेन्स धरून उभी होती, बोटं न वापरता.

"माझ्या जागी माणूस ठेवायच्या आधी मला विचारायचं तरी."

"माणूस नाही गं. लेन्स आहे."

"तेच ते!"

"नुसती बघायला आणली होती —"

"अजून मेले नाहीये मी, ताई."

लेन्स टेबलावर ठेवली. हळू ठेवली, रागातसुद्धा. आणि गेली. जिन्यात तिची पावलं ऐकत राहिले. मध्येच थांबली. मला वाटलं परत येतेय. नाही. कठडा धरायला थांबली असेल.

२ एप्रिल

लेन्स परत करून आले. पोपट म्हणाला, "नाही आवडली?" म्हटलं, "आवडली." तो बघतच राहिला.

धाकटीला फोन केला. "शनिवारी लग्न आहे. सकाळी न्यायला येते."

"आणि ती?"

"परत दिली."

"बरं." आणि त्या 'बरं'मध्ये तिचा जुना आवाज होता. मला एवढं हलकं वाटलं की स्टुडिओतला पडदा धुवायला काढला.

५ एप्रिल

लिहवत नाही, पण लिहिते.

नवरीचे आजोबा चाकाच्या खुर्चीत होते. कितीतरी महिने स्वतःच्या पायांवर उभे राहिले नव्हते, असं त्यांची नात मला सकाळीच म्हणाली होती. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला, कॅमेऱ्यावर जवळच्यासाठीची पस्तीस. आणि अचानक आजोबा उठायला लागले! कुणाचा आधार नाही. टेबलाची कड धरून, थरथरत, नातीसाठी उभे राहत होते.

मी पस्तीस काढली, हात मागे केला.

काही आलं नाही.

हात तसाच. काही नाही. वळून पाहिलं. धाकटीनं लांबडी — आमची सगळ्यात लांब पल्ल्याची लेन्स — छातीशी धरली होती आणि तिचं मागचं झाकण दातांनी फिरवत होती. डोळे भरलेले. झाकण काही निघत नव्हतं.

मागे टाळ्या झाल्या. मी परत वळले तेव्हा आजोबा खाली बसले होते. नात त्यांच्या गळ्यात पडली होती. तोही फोटो मिळाला नाही. माझ्या हातात बिनलेन्सचा कॅमेरा होता.

परत येताना गाडी सिग्नलला थांबली तेव्हा ती बोलली, समोर बघत.

"त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला ना, तेव्हाच मला कळलं होतं उठणार म्हणून. लांबडी तेव्हाच काढली होती बॅगेतून. तू हात मागे करायच्या कितीतरी आधी."

"असू दे गं."

"नाही, ऐक. मला दिसतं सगळं, ताई. तुझ्यापर्यंत पोचवता येत नाही."

सिग्नल सुटला. मागची गाडी हॉर्न वाजवत राहिली.

८ एप्रिल

नवरीचा फोन. आजोबांचा फोटो कधी पाठवताय? सरळ सांगितलं — नाही मिळाला. ती "बरं ताई" म्हणाली आणि फोन ठेवला. चार शिव्या दिल्या असत्या तर झोप लागली असती मला.

१२ एप्रिल

दुपारी बेल वाजली. दारात मास्तर, हातात पिशवी, आणि त्यांच्यामागे धाकटी, वरात घेऊन आल्यासारखी.

"घे. हरकाम्या आणलाय तुझा."

तीच लेन्स! स्वतः पोपटाकडे जाऊन घेऊन आली होती. मी तोंड उघडलं तर म्हणाली, "आधी चढव कॅमेऱ्यावर. बोलणं मग."

तिनं सगळं ठरवून आणलं होतं. माझ्या मागे स्टूल ओढून घेतलं, पायानंच. मास्तरांना समोर खिडकीत बसवून वर्तमानपत्र दिलं. "हातानं देता येत नाही ना? तोंडानं देईन. मी आकडा सांगते, तू फिरव."

"म्हणजे?"

"म्हणजे डोळ्याला कॅमेरा लाव नि गप्प राहा. पन्नास!"

फिरवलं.

"शंभर. आता त्यांच्या चष्म्यावर — दीडशे! हं, थांब. नाकात बोट घालणारेत."

"मी नाही घालत," मास्तर म्हणाले.

"दोनशे!"

आणि खरंच घातलं त्यांनी! तिघं इतके हसलो की कॅमेरा हलला. फोटो हललेला आहे. ठेवलाय.

संध्याकाळपर्यंत सराव. रिंग कुठवर फिरवली की सत्तर येतं, कुठवर शंभर, हे अंगठ्याला न बघता कळायला हवं. माझा अंगठा मठ्ठ आहे. धाकटी शाळेतल्या बाईंसारखी ओरडत होती. कितीतरी दिवसांनी ओरडली माझ्यावर. कान तृप्त झाले.

२० एप्रिल

पहिली परीक्षा. एका शाळेच्या मुख्याध्यापिकेचा निरोप समारंभ. सभागृह अंधारं, माईक खरखरणारा. मी उभी, धाकटी मागे खुर्चीत. मी दोन पावलं पुढे गेले की खुर्ची ओढायला मास्तर.

ती कुजबुजते: "सत्तर, बाई." "चोवीस, सगळं सभागृह, हं, आता." मी फिरवत गेले. मग एकदम — "दोनशे. दुसरी ओळ, निळा सदरा. रडणार आहे."

शिपाई होता शाळेचा. चेहरा दगडासारखा. मी म्हटलं, हा कसला रडतोय! धरून ठेवलं तरी. बाईंनी भाषणात कुणाचंसं नाव घेतलं आणि त्याचा खालचा ओठ आत गेला. फक्त तेवढंच. मिळाला.

फोटो दाणेदार आहे. मागची भिंत धुरकट. पंच्याऐंशीनं लोण्यासारखा काढला असता. पण पंच्याऐंशी चढवेपर्यंत त्याचा ओठ परत बाहेर आला असता.

घरी आल्यावर धाकटीनं फोटो खूप वेळ पाहिला. "उजेड कमी पडतो हरकाम्याला," म्हणाली. "नजर चांगली आहे."

"तुझीच आहे ती," असं म्हणणार होते. म्हटलं नाही. आमच्यात तसलं बोलायची पद्धत नाही.

११ मे

आता गुंड्या लावता येत नाहीत तिला. वेणी मी घालते. लहानपणी मीच घालायची. तेव्हा ओढली जाते म्हणून भोकाड पसरायची. आज ओढली गेली तरी काही बोलली नाही. मीच विचारलं, "दुखलं का?" तर म्हणाली, "ओढ गं. तेवढं तरी कळतंय."

मग मी स्वयंपाकघरात गेले आणि विनाकारण नळ सोडून ठेवला.

२४ मे

चार जुन्या लेन्स पुसून कपाटात ठेवल्या. धाकटी बघत बसली होती. "पंच्याऐंशी विकू नकोस," एवढंच म्हणाली.

नाही विकत.

८ जून

बागेतलं लग्न, भरपूर उजेड. हरकाम्या माजला होता नुसता! जवळचं, लांबचं, झाडावरचं मांजरसुद्धा. धाकटी झाडाखाली खुर्चीत, मांडीवर दोन्ही हात ठेवलेले — ठेवावे लागतात, आपले आपण राहत नाहीत. आणि आकड्यांची सरबत्ती.

नवरदेवाच्या आईला राहवेना. म्हणाली, "या कोण? मघापासून नुसत्या आकडे सांगतायत."

धाकटी म्हणाली, "मी फोटोग्राफर. या माझा हात."

बाईंना काही कळलं नाही. मला हसू आवरेना. दिवसभर त्या एका वाक्यावर तरंगत होते. रात्री आठवून पुन्हा हसले आणि मग तेच वाक्य आठवून रडले. वाक्य काही बदललं नव्हतं.

१७ जून

मास्तर फोटोंची पाकिटं न्यायला आले होते. धाकटी बरोबर नव्हती. तेव्हा विचारलं त्यांना — मार्चमध्ये डॉक्टर पुढचं काय काय म्हणाली होती?

मास्तर पाकिटं मोजत राहिले. मोजलेली पुन्हा मोजली. गणिताचा माणूस!

"त्या दिवशी तुम्ही ऐकलं नाहीत ना ताई?"

"नाही."

"मग आत्ता राहू द्या. काम मस्त चाललंय. चालू द्या."

"मास्तर —"

"ती खूश आहे," म्हणाले. चष्मा काढून पुसला. परत घातला तरी काचा तशाच. "फार खूश आहे हो ती."

मी आग्रह केला नाही. भित्री आहे मी.

२९ जून

वाचनालयाचा कार्यक्रम. लोक यायच्या आधी जाऊन रिकाम्या खुर्च्या, फुलं, व्यासपीठ काढत होते. मागून धाकटीनं आकडा सांगितला. मला सत्तर वाटला. फिरवलं. "नाही," म्हणाली आणि पुन्हा सांगितला. मी शंभर केलं. तेही नव्हतं. तिसऱ्यांदा तिनं एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. मी कॅमेरा खाली घेऊन तिच्या तोंडाकडे बघत होते. जीभ वळत नव्हती.

"काय गोंगाट आहे गं इथं!" मी म्हणाले.

हॉलमध्ये आम्ही दोघीच होतो.